भावांतराचा पैसा आणि कागदाची भाषा

मध्य प्रदेश सरकारने २०२५ च्या खरिपात सोयाबीनसाठी भावांतर योजना पुन्हा आणली. हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. ही योजना मूळची २०१७ ची. त्या वर्षी जूनमध्ये मंदसौरला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि ऑक्टोबरात आठ पिकांसाठी ही योजना सुरू झाली. सरकारने माल घ्यायचा नाही. शेतकऱ्याने तो ठरल्या मुदतीत बाजार समितीत विकायचा आणि हमीभाव व बाजारभावातील तफावत सरकारने त्याच्या बँक खात्यात भरायची.

ऐकायला सोपे, पण खरी मेख हिशेबात होती. तफावत धरली जाई ती ‘मॉडेल भावा’वरून, म्हणजे त्या राज्यातील व बाहेरच्या दोन राज्यांतील बाजारभावांच्या सरासरीवरून. उडदाचा हमीभाव तेव्हा ५४०० होता. समजा मॉडेल भाव ३००० निघाला, तर सरकार देणार २४००. ज्याचा उडीद २५०० ला गेला त्याच्या हाती ४९०० च पडले. वरचे पाचशे कोणाच्याच खाती नाहीत. शिवाय योजना सुरू होताच बाजारात भाव कोसळले, आणि व्यापाऱ्यांनी ते मुद्दाम पाडल्याची ओरड राज्यभर झाली. नोंदणी नाही, किंवा मुदतीबाहेर विक्री, तर पैसाच नाही.

आता ग्वाल्हेरकडे पाहा. दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीवरून तिथल्या वस्तीला आजही लष्कर म्हणतात, आणि तिथली मराठी घरे दोनशे वर्षे हिंदी मुलखात नांदत आहेत. त्यांच्यापैकी कोणाची डबरा-भितरवारकडे शेती असली, तर नोंदणीचा कागद हिंदीत येतो. हिंदी म्हणजे मराठी नव्हे, हे खरेच. पण लिपी देवनागरी आहे. चौथी शिकलेला माणूसही पिकाचे नाव, क्षेत्र आणि शेवटची तारीख स्वतः वाचतो. योजनेने त्याला फसवले तरी कुठे फसलो हे त्याला कळते.

आमच्या भालकी-औरादच्या, निपाणी-खानापूरच्या शेतकऱ्याला एवढेही नाही. त्याचा उतारा कन्नडमध्ये. हमीभावाच्या खरेदीसाठी लागणारी ‘फ्रुट्स’ची नोंदणी, पीक-सर्वेक्षणातील नोंद, सगळा कारभार त्याच लिपीत. सोयाबीनच्या जागी दुसरे पीक चढले किंवा गट नंबर चुकला, तर ते त्याला कळते पैसे न आल्यावर. तोवर मुदत गेलेली असते. मधल्या काळात कागद वाचून देणारा जो भेटेल, त्याच्या भरवशावर कारभार. आमचा कन्नड शेतकऱ्याशी वाद नाही. तोही याच दलालांच्या दारात उभा असतो, फक्त त्याला निदान स्वतःचा कागद वाचता येतो.

तफावतीचा पैसा देण्याची ही रीत कर्नाटकातही आली आहे. २०२५ मध्ये तोतापुरी आंब्याचे भाव पडले, तेव्हा केंद्राने राज्याला याच पद्धतीने मदत मंजूर केली. उद्या सोयाबीन-तुरीला ती लागू झाली, तर आमच्या गावांतला किती पैसा निव्वळ भाषेपायी अडेल?

घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. उत्तर त्याच भाषेत मिळेल असे मात्र कलम म्हणत नाही, आणि कचेऱ्या नेमका तिथेच हात वर करतात. पण जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने १९६१ मध्येच मान्य केले. पीकमदतीच्या मुदतीची सूचना महत्त्वाची नाही, असे कोण म्हणेल? भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना हुकूम काढता येत नाही, ते अहवाल देतात. पण अहवालातही कागदच बोलतो.

म्हणून या हंगामात पीक-नोंदीची दुरुस्ती असो वा नोंदणीची तक्रार, अर्ज मराठीत द्यावा आणि पोच मागावी. पोच नाकारली, तर तारीख, कचेरी आणि गट नंबर वहीत लिहून समितीच्या गावातील सदस्याकडे द्यावा. आयुक्तांकडे जाणाऱ्या निवेदनाला त्याच नोंदी जोडायच्या आहेत.