जपानी माहजाँगमध्ये बचावाला इतके महत्त्व का आले?

१/ जपानी माहजाँगमधील सावध डावपेचांचा विषय निघाला की ‘जपानी संयम’ हे स्पष्टीकरण हमखास पुढे येते. ते आकर्षक आहे, तितकेच पोकळही. या सावधपणाचे मूळ नियमांत शोधावे लागते.

२/ खेळ मूळचा चीनचा. विसाव्या शतकाच्या आरंभी तो जपानला पोहोचला; १९२९ मध्ये तेथे महासंघ स्थापन झाला, तेव्हा कादंबरीकार किकुची कान त्याचे पहिले अध्यक्ष झाले. चार खेळाडू, १३६ सोंगट्या. चार संच आणि एक जोडी आधी जमवणारा डाव जिंकतो.

३/ जुन्या चिनी पद्धतीत विजेत्याला उरलेले तिघेही गुण देत. जपानात मात्र, ज्याने टाकलेल्या सोंगटीवर डाव पुरा झाला त्या एकट्यानेच सारी भरपाई करायची, असा नियम रुजला. प्रत्येक सोंगटी टाकणे जोखमीचे झाले ते येथून.

४/ शिवाय टाकलेल्या सोंगट्या मध्यभागी कशाही न पडता प्रत्येकासमोर क्रमाने, सहा-सहाच्या ओळींत मांडल्या जाऊ लागल्या. ही ओळ म्हणजे खेळाडूचे दफ्तरच. आणि दफ्तर वाचण्याची गोडी इतिहासप्रेमींना वेगळी सांगायला नको! त्यातच ‘फुरितेन’चा नियम: ज्या सोंगट्यांनी आपला डाव पुरा होतो, त्यांपैकी एखादी पूर्वी स्वतः टाकली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही.

५/ म्हणून प्रतिस्पर्ध्याने ५ टाकला असेल, तर त्याच्याविरुद्ध त्याच चिन्हाचा ५ निर्धोक. ३-४ धरून २ किंवा ५ ची वाट पाहणेही त्याला निरुपयोगी; त्यामुळे २ सुद्धा बराचसा सुरक्षित. बराचसाच, कारण तो एकटा २ धरून त्याच्या जोडीची वाट पाहत असेल, तर हा तर्क कोसळतो.

६/ महायुद्धानंतर ‘रीची’ सर्वत्र रूढ झाली. हात झाकलेला आणि एकच सोंगटी कमी असेल, तर १००० गुण पणाला लावून तसे जाहीर करायचे. मग हात बदलता येत नाही. अशा वेळी जाणता खेळाडू आपला अर्धवट हात खुशाल मोडतो. नवख्याला हा भित्रेपणा वाटतो. पण चौघे तुल्यबळ असतील, तर चारपैकी किमान तीन डाव आपले नसतातच. त्यांची किंमत आपण न मोजणे, हाच मोठा लाभ.

७/ २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘सुफेक्स’ प्रणालीने ‘तेन्हो’ या संकेतस्थळावर दहावा दान गाठला. तिचाही बचाव भक्कम होता. तिला जपानी स्वभाव कोणी शिकवला?

८/ जुन्या पिढीचा विश्वास ‘नागारे’वर, म्हणजे नशिबाच्या ओघावर होता. २००४ मध्ये ‘तोत्सुगेकी तोहोकू’ या टोपणनावाच्या लेखकाने डावांच्या आकडेवारीनिशी त्यावर हल्ला चढवला. आकड्यांची बाजू बळकट आहे. तरी जुन्यांना हसणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या डावांची नोंद कोणी ठेवत नव्हते. स्मरणात उरत ती सलग जिंकलेली रात्र.