घर आणि कायदा : आरोप मध्येंच बदलला तर?

भिवंडीहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा असल्यानें हकीकत तेवढी देतों. त्यांच्या पुतण्याच्या मोटारसायकलीचा धक्का अंजूरफाट्याजवळ एका वृद्ध पादचाऱ्यास लागून त्याचें मांडीचें हाड मोडलें. बेदरकारपणें गाडी हांकून जबर दुखापत केल्याचा आरोप ठेवला गेला, तीन साक्षीही झाल्या. इतक्यांत तो वृद्ध गृहस्थ वारला. दंडाधिकाऱ्यांनीं आतां आरोप बदलून निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्याचा केला आहे. “खटला निम्मा झाल्यावर हा कसला न्याय? निकाल महिनाभर आधीं लागता तर मुलगा वांचला असता ना?” असें त्यांच्या सासूबाई रोज विचारतात.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों. तें थोडें कटु आहे. दुखापतीबद्दल शिक्षा होऊन गेल्यावर मृत्यु घडला असता, तरी त्या मृत्यूबद्दल नवा खटला चालवितां आला असता. एका कृत्यासाठीं दोनदां खटला नको, या नियमाला कायद्यानेंच ठेवलेला तो अपवाद आहे.

आतां पहिला प्रश्न. निकाल जाहीर होईपर्यंत आरोपांत केव्हांही फेरफार करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तो होता, १९७३ च्या संहितेंत २१६ व्या कलमांत होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत २३९ व्या कलमांत आहे. आरोप बदलला म्हणजे सिद्ध झाला, असा मात्र अर्थ नव्हे. आपणांस कशाचें उत्तर द्यावयाचें आहे हें आरोपीस कळावें, एवढ्यासाठींच आरोपपत्रकाचा लेख असतो. म्हणूनच बदललेला आरोप त्यास वाचून दाखवून समजावून द्यावा लागतो. लगेच पुढें चालल्यानें बचावास बाध येईल असें वाटल्यास न्यायालय खटला तहकूब करतें किंवा प्रथमपासून चालवितें. (कांहीं गुन्ह्यांत सरकारच्या पूर्वमंजुरीचा प्रश्न येतो, येथें तो नाहीं.)

पण या घरानें ज्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावें तें कलम पुढचें, २४० वें. झालेल्या साक्षीदारांस नव्या आरोपाच्या अनुषंगानें पुन्हां बोलावून तपासण्याची मुभा तें दोन्ही पक्षांस देतें. केवळ छळ करण्यासाठीं, वेळ काढण्यासाठीं किंवा न्यायाचा हेतु विफल करण्यासाठीं मागणी आहे असें वाटलें, तरच न्यायालय कारण लिहून ती नाकारूं शकतें. पत्रांत एक ओझरता उल्लेख आहे : डॉक्टरांची उलटतपासणी वकिलांनीं घेतलीच नाहीं. तेव्हां तें योग्यच होतें. हाड मोडल्याबद्दल वाद नव्हता. आतां सारा वाद मृत्यु त्या दुखापतीनेंच आला कीं अन्य व्याधीनें, यावरच येऊन ठेपला आहे.

साक्षीदार पुन्हां मिळालाच नाहीं तर काय होतें, हें मुंबईच्या एका गाजलेल्या खटल्यांत दिसलें. २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्र्याच्या अपघातांत एक मनुष्य मरण पावला व चौघे जखमी झाले. चित्रपटनट सलमान खान यांच्यावर दंडाधिकाऱ्यांपुढें निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्याचा खटला चालला. सतरा साक्षीदार झाल्यावर, जानेवारी २०१३ मध्यें, सदोष मनुष्यवधाचा अधिक गंभीर गुन्हा दिसतो म्हणून दंडाधिकाऱ्यांनीं प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोंपविलें, आणि त्याच डिसेंबरांत खटला नव्यानें चालविण्याचा हुकूम झाला. परंतु महत्त्वाचा साक्षीदार असलेला अंगरक्षक पोलीस शिपाई २००७ सालींच वारला होता. त्याची जुनी साक्ष सत्र न्यायालयानें धरली आणि मे २०१५ मध्यें पांच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ रोजीं उच्च न्यायालयानें आरोपीस निर्दोष सोडलें. त्यास इतरही कारणें होतीं. पण निराळ्या आरोपाच्या वेळीं दिलेली ती साक्ष या खटल्यांत धरावयास नको होती, हें त्यांपैकीं एक.

तेव्हां या भगिनींनीं पुढील तारखेची वाट न पाहतां वकिलांची गांठ घ्यावी आणि डॉक्टरांस पुन्हां बोलावण्याचा अर्ज लेखी द्यावयास सांगावें. शवचिकित्सा झाली असल्यास तिच्या अहवालाची प्रतही मागावी. उरलेल्या दोन साक्षीदारांपैकीं एक मृताचा मुलगा आहे असें पत्रांत म्हटलें आहे. केवळ अपघात पाहिल्यापुरतीच त्याची साक्ष असेल, तर त्यास दुसऱ्यांदा पिंजऱ्यांत उभें करण्याची गरज आहे काय, हेंही वकिलांना विचारावें. त्याचे वडील नुकतेच गेले आहेत.