तू कोण लागून गेलीस?
(द्वितीय वर्ष, कला)

आत्मचरित्र थोरांनीच लिहावे, असा एक समज आहे. डब्लिनच्या पत्रकार नूला ओफ्वेलॉन यांनी १९९६ साली तो आपल्यापुरता मोडला. 'आयरिश टाइम्स'मधील लेखांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहायला त्या बसल्या आणि सारे आयुष्यच सांगून गेल्या. पुस्तकाचे नाव 'आर यू समबडी?'. आपल्या भाषेत, तू कोण लागून गेलीस?

त्यात आहे तरी काय? नऊ भावंडांचे घर, बहुधा बाहेरच असणारा बाप, दारूत बुडालेली आई, हातून निसटलेली प्रेमे, पन्नाशीनंतरचा एकटेपणा आणि मनाला ग्रासणारी उदासी. यात पराक्रम कसला? तरीही वाचकांची पत्रे ढिगांनी आली. त्या देशात लग्न झालेल्या स्त्रीला १९७३ पर्यंत सरकारी नोकरी सोडावी लागे. घटस्फोटाला १९९५ च्या सार्वमतात जेमतेम मान्यता मिळाली. घरातले दुःख घरातच गाडण्याची तिथे रीत होती.

२००८ साली कर्करोग झाल्यावर त्या रेडिओवर मरणाविषयी बोलल्या, तेही धीराचा आव न आणता. त्याच वर्षी त्या गेल्या.

कोणी म्हणेल, ही घरची लक्तरे वेशीवर टांगणे झाले. मला तसे वाटत नाही. दुसऱ्यांविषयी लिहिताना त्या स्वतःलाही सोडत नाहीत, म्हणून ते लेखन खरे वाटते.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या आजीला तिची हकिकत कोणी विचारली नाही; ती 'कोणी' नव्हती ना! मित्रमैत्रिणींनो, हे कोणी असणे ठरवतो कोण?