मोडीचा भाव

अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचा वक्र फळ्यावर निघाला की माझे लक्ष हटकून आमच्या दुकानातल्या काट्याकडे जाते. येथे चांदूर रेल्वेत आमचे भंगाराचे दुकान आहे. काट्यावर वस्तूला नाव नसते, फक्त वजन असते. जुना लाकडी रेडिओ आला की बाबा पाठीमागचा पुठ्ठा काढतात; ट्रान्सफॉर्मरमधले तांबे, गँग कंडेन्सरचे ॲल्युमिनियम आणि स्पीकरचे चुंबक वेगळे करतात. काचेचे व्हॉल्व्ह उकिरड्यावर जातात आणि पेटी चुलीत. लहानपणी आमच्या आंघोळीचे पाणी मर्फी आणि बुशच्या लाकडावर तापले आहे.

त्यामुळे मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि आता मोबाईलवरच्या जाहिरातींत तोच रेडिओ हजारांच्या भावाने मांडलेला पाहिला, तेव्हा प्रथम मला हसू आले आणि मग राग आला.

वस्तू जुनी झाली म्हणून महाग होते, हा समज चुकीचा आहे. तसे असते तर आमच्या दुकानातले फुटके हंडे सोन्याच्या भावाने गेले असते. रेडिओ घेणारा गिऱ्हाईक पाहतो ते वेगळेच. मूळच्या बटणांचा जोड पुरा आहे का, स्टेशनांची नावे छापलेली डायलची काच शाबूत आहे का, पाठीमागचा पुठ्ठा आहे का. एक बटण हरवले तरी भाव उतरतो. हौसेने नवे पॉलिश मारले तर खरा शौकीन नाक मुरडतो. पूर्वी घरी रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे. तिकिटे चिकटवलेली ती परवान्याची पुस्तकेसुद्धा आता विकली जातात!

आणि गिऱ्हाईक कोण? ज्यांच्या बालपणी रेडिओ घरात होता, किंवा शेजारच्या घरात होता व आपल्या घरात नव्हता, ती पिढी. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली बिनाका गीतमाला ज्यांनी कान लावून ऐकली, त्यांच्या हाती उतारवयात पैसा आला आणि रेडिओला भाव आला. अमेरिकेतही हाच प्रकार दिसतो. तेथे पिनबॉल नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र आहे; काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी टोलवायची. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली त्यावर जुगार म्हणून बंदी आली आणि खुद्द महापौर ला गार्डिया यांनी हातोड्याने यंत्रे फोडली. बंदी उठली १९७६ साली. आज अशी जुनी यंत्रे लोक मोठी रक्कम मोजून घरात आणून ठेवतात. १९९२ सालचे ‘ॲडम्स फॅमिली’ हे यंत्र तर वीस हजारांवर खपले होते. म्हणजे ते दुर्मिळ मुळीच नव्हे. तरीही ते महाग, कारण त्यावर खेळलेली पोरे आता कमावती झाली आहेत. ही पिढी सरली की भावही उतरेल, असे माझे मत आहे. रेडिओचेही तेच होईल.

ग्रामोफोनकडे पाहा. ऐकण्यासाठी तो घेणारे थोडेच उरले. दिवाणखान्यात शोभतो म्हणून कर्ण्याच्या यंत्राला मागणी, आणि उत्तम वाजणारी पेटीवजा यंत्रे मागे पडली. मग काय, पेटीतले यंत्र काढायचे, त्यावर नवा पितळी कर्णा बसवायचा, कुत्र्याचे चित्र चिकटवायचे आणि ‘अस्सल’ म्हणून विकायचे! असा माल बाजारात पुष्कळ आहे.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. विकणाऱ्याला मालाची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे बाजारच बिघडतो, असा त्याचा मुद्दा. २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. कर्ण्याच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. पण आमच्या काट्यावर उलटे आहे. तेथे ठाऊक असते ते घेणाऱ्याला. आणि घेणारे आम्हीच.

गेल्या उन्हाळ्यात एका आजींनी मर्फीचा रेडिओ आणून दिला. बाबांनी दीडशे रुपये दिले. “मुका हाये तो वीस वर्सापासून, त्याचं काय मोल रे बाबू,” आजी म्हणाल्या. डायलची काच शाबूत होती. बाबांनी हातोडी घेतली तेव्हा मी आडवा झालो.

“काऊन रे, कॉलेजात जाऊन आता मले धंदा शिकवतं का?”

मी भाव सांगितला. बाबांनी हातोडी ठेवली. मग मी म्हणालो, आजींनाही सांगितले पाहिजे. यावर मात्र आमचे जमले नाही. बाबांचे म्हणणे असे की, दहांतले नऊ रेडिओ मोडीचेच निघतात, त्यांचा तोटा आपण कोणाकडे मागायला जातो? हा प्रश्न खोटा नव्हे. तरीही मी आजींच्या घरी गेलो. त्यांना वाटले, मी सौदा मोडायला आलो. “पैसे वापस पायजेत का?” म्हणून त्या पदराची गाठ सोडू लागल्या. मला काही नीट सांगताच आले नाही.

पुढे नागपूरच्या एका गृहस्थांनी तो रेडिओ अठराशेला नेला. बाबांनी न सांगता आजींना पाचशे रुपये नेऊन दिले. नफ्यातला निम्मा हिस्सा त्यांचा होता असे मी अजून म्हणतो. न मोडता ठेवला कोणी, गिऱ्हाईक शोधले कोणी, असे बाबा विचारतात. आमचा हा वाद जेवताना निघतो आणि आई ताट उचलते तेव्हा थांबतो.

एवढे मात्र झाले आहे की, लाकडी पेटी आली की बाबा हातोडी घेण्याआधी मला हाक मारतात, “पाय रे, कंपनी कोनती?”