पुतण्याचे दहा लाख : उधारी की भागीदारी?

गेल्या महिन्यात तुमसरला एका स्नेह्यांच्या धानाच्या पेढीवर बसलो होतो. पुण्याहून आलेला त्यांचा पुतण्या आपली योजना समजावून सांगत होता. राईस मिलवाले आणि परगावचे किराणा व्यापारी यांची मोबाईलवरून थेट गाठ घालून देणारा उद्योग त्याला उभारावयाचा होता. त्यासाठी दहा लाख रुपये हवे होते. सर्व ऐकून घेतल्यावर स्नेह्यांनी एवढेच विचारले, "व्याज काय देशील?" मुलगा म्हणाला, "काकाजी, व्याज नाही. कंपनीत भाग देईन."

स्नेही गप्प झाले. त्यांचे मौन मला समजत होते. वीस वर्षांपूर्वी त्यांनी मेहुण्यांना रक्कम दिली होती. ती उसनी की धंद्यातील हिस्सा, हे कधी ठरलेच नाही. धंदा बसला आणि दोन घरांचे जाणे-येणेही थांबले. म्हणूनच या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे वाटते.

त्यासाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. 'शादी डॉट कॉम'चे संस्थापक अनुपम मित्तल हे मुंबईच्या व्यापारी घराण्यातले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी खुले झाले. त्यानंतर दोनएक वर्षांतच त्यांनी 'सगाई डॉट कॉम' हे संकेतस्थळ सुरू केले. ही कल्पना त्यांना सुचली ती वडिलांच्या कार्यालयात आलेल्या एका मध्यस्थाला पाहून. हे गृहस्थ स्थळांच्या परिचयपत्रिका घेऊन घरोघर फिरत. एका माणसाच्या पिशवीत मावतील तेवढीच स्थळे पालकांना का दिसावीत, असा प्रश्न मित्तल यांना पडला. परिचय संमेलने भरविणाऱ्या आणि वधू-वर सूची छापणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही.

पुढचा प्रवास मात्र सरळ नव्हता. बोस्टन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर ते अमेरिकेत 'मायक्रोस्ट्रॅटेजी' या कंपनीत नोकरी करीत होते. 20 मार्च 2000 रोजी त्या कंपनीचा समभाग एकाच दिवसात निम्म्याहून अधिक कोसळला आणि त्यांची कागदावरील श्रीमंती विरून गेली. 'शादी डॉट कॉम' हे नाव विकत घेण्यासाठी, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, शिल्लक सुमारे 30 हजार डॉलरपैकी 25 हजार डॉलर त्यांनी खर्च केले. परंतु तो पैसा त्यांचा स्वतःचा होता आणि ज्या धंद्यात घातला तो धंदाही त्यांच्याच हातात होता.

दुसऱ्यांच्या उद्योगांत पैसा घालण्याचे पर्व आले ते हा धंदा स्थिरावल्यानंतर. मुंबईत सुरू झालेल्या 'ओला' या टॅक्सीसेवेत अगदी आरंभी पैसे घालणाऱ्या मोजक्या व्यक्तींत ते होते. त्यांनी आजवर दोनशेहून अधिक नवोद्योगांत भाग घेतल्याचे सांगितले जाते. डिसेंबर 2021 पासून 'शार्क टँक इंडिया' या कार्यक्रमामुळे ते घरोघरी पोहोचले. अशा व्यक्तीला एंजल गुंतवणूकदार म्हणतात. 1998 मध्ये अँडी बेख्तोल्शाइम यांनी 'गुगल'च्या दोन तरुण संस्थापकांना एक लाख डॉलरचा धनादेश दिला, तोही याच प्रकारचा.

दूरचित्रवाणीवर दिसतो तो सौद्याचा क्षण. त्यामागचे गणित दिसत नाही. समजा, तीस लाख रुपये दहा उद्योगांत प्रत्येकी तीन लाख असे घातले. त्यांतील सात बुडाले, दोनांनी मुद्दल परत केले आणि एक पंधरा पट वाढला, तर हाती 51 लाख येतात. तो एक उद्योग सापडला नाही, तर तीस लाखांचे सहाच उरतात. पुतण्याच्या उद्योगात घातलेला पैसा हा दहांपैकी एकच डाव असतो, हे विसरता कामा नये. शिवाय मुदत ठेवीप्रमाणे तो वाटेल तेव्हा मोडता येत नाही. सात-आठ वर्षे थांबण्याची तयारी लागते. पुढे नवे भागीदार आले की आपला पाच टक्क्यांचा हिस्सा चार टक्क्यांवरही येऊ शकतो.

म्हणून तीन पथ्ये सुचवावीशी वाटतात. पहिले, दुकानाचे खेळते भांडवल, मुलीच्या शिक्षणाची वा लग्नाची ठेव आणि कर्जाऊ रक्कम यांना हात लावू नये. दुसरे, भाग घ्यावयाचा तर तो कंपनीच्या कागदावर घ्यावा. नोंदणी, समभागांची वाटणी आणि मूल्यांकन आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावे. 2012 साली आलेला तथाकथित 'एंजल टॅक्स' 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला असला, तरी हिशेब चोख ठेवण्याची गरज संपलेली नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, ही रक्कम उसनी नसून हिस्सा आहे, हे घरातील सर्वांसमक्ष बोलावे. उधारी बुडाली तर देणारा दुखावतो आणि घेणारा तोंड चुकवितो. हिस्सा बुडाला तर दोघांचाही तोटा होतो, पण ऋणी कोणीच राहत नाही.

आठवड्याभराने स्नेह्यांचा दूरध्वनी आला. दहा नव्हे, तीन लाख द्यावयाचे ठरले होते. कागद तयार होत होते आणि पत्नी, दोन्ही मुले व सुना यांनाही सारे सांगून झाले होते. पुतण्याला त्यांनी एकच अट घातली होती. ती कागदावर नव्हती.

"पैसे बुडाले तरी दिवाळीला घरी यायचे चुकवायचे नाहीस."