जोडणी तिलाही करू द्या

भौतिकशास्त्र मुलींना झेपत नाही, असं नागपूरजवळच्या आपल्या हिंगण्यात आता कुणी तोंडावर म्हणत नाही. अकरावी-बारावी सायन्सला मुली भरपूर दिसतात आणि मार्कांतही मागे नसतात. त्यामुळे प्रश्न मिटला, अशी आपली समजूत झाली आहे. ती खरी आहे का, हे पाहायचं तर प्रयोगशाळेच्या दारात तासभर उभं राहावं.

तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नुकतंच बारावीचं प्रॅक्टिकल पाहिलं. मीटर ब्रिजचा प्रयोग होता. एका टेबलावर दोन मुलं, दोन मुली. सेल, कळ, रेझिस्टन्स बॉक्स, गॅल्व्हानोमीटर ही सगळी जोडणी मुलांनी केली. जॉकी तारेवर कुठेही टेकवली तरी काटा एकाच बाजूला जात होता; म्हणजे कुठेतरी चुकलं होतं. सैल राहिलेली तार मुलांनीच हुडकली, काटा शून्यावर आणला. मुली शेजारी उभ्या राहून सेंटिमीटरचे आकडे लिहून घेत होत्या. जर्नल त्यांचंच सगळ्यांत नेटकं होतं. मार्क चौघांना सारखेच पडतील, पण चूक हुडकायची सवय दोघांनाच लागली. भौतिकशास्त्रज्ञ त्या सवयीतूनच घडतो.

हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. म्हणूनच ते कुणाला खटकतही नाही. त्यात प्रॅक्टिकल लांबलं की लांबच्या गावच्या मुलींचा जीव एसटीत अडकतो, आणि प्रयोग अर्धा टाकून त्या निघतात.

मुलींना असं बाजूला ठेवणं नवं नाही. आपल्या शाळांच्या सहली नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात जातात. सी. व्ही. रमण यांचं मोठेपण मुलांना जरूर सांगावं. त्यासोबत हेही सांगावं की 1933 साली मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकी घेऊन बी.एस्सी. झालेली कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा संचालक रमण यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली, तेव्हा अटी घालून वर्षभराच्या बोलीवर घेतलं. याच कमलाने, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींनी, 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे रमण यांच्याच प्रयोगशाळेत ॲना मणींनी हिरे-माणकांवर संशोधन केलं, निबंध लिहिले, पण एम.एस्सी. नाही या कारणावरून त्यांना पीएच.डी. मिळाली नाही. 1948 मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि जवळपास 100 हवामान-उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. परदेशातून येणारी उपकरणं देशात बनू लागली, त्यामागे या बाईंचे हात होते.

2019 साली इंडियन फिजिक्स असोसिएशनच्या पुढाकाराने 'हैदराबाद सनद' तयार झाली. भौतिकीतली विषमता ही स्त्रियांची उणीव नाही, तिचं मूळ व्यवस्थेतल्या भेदभावात आहे, असं ती बजावते. 2023 च्या जानेवारीत नागपूर विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या मुख्य विषयातही महिला सक्षमीकरण होतं. मंडप उतरला, पाहुणे गेले. आता काम आपल्याकडे आहे, आणि त्याला ना अनुदान लागतं ना ठराव.

शिक्षकांनी दर प्रयोगाला जोडणी करणारा आणि लिहिणारा बदलावा, आणि प्रॅक्टिकलची वेळ एसटी पाहून ठरवावी. एमआयडीसीतल्या कारखानदारांनी सुटीत चार मुलींना टेस्टिंगच्या टेबलावर बसवावं; फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरपुढे नको. आणि घरी मिक्सर बिघडला, तर आई-बाबांनो, स्क्रूड्रायव्हर आधी पोरीच्या हातात द्या. तिच्याकडून एखादा स्क्रू हरवला तरी चालेल.