नाव दिले तर शब्द पाळावा

रक्ताचा कर्करोग झाला असे कळले की आपल्या गावांत दोन तऱ्हेची माणसे भेटतात. काही म्हणतात, आता सारा हवाला देवावर. काही म्हणतात, रक्त बदलले की होईल बरा. पहिले लवकर धीर सोडतात आणि दुसऱ्यांची समजूत चुकीची असते. ल्युकेमियावर आज उपाय आहेत. लहान मुलांतील पुष्कळसे ल्युकेमिया औषधांनीच बरे होतात. एका प्रकारात तर रोजची गोळी घेऊन माणूस वर्षानुवर्षे शेतावर राबू शकतो. परंतु काही रुग्ण असे असतात की दुसऱ्या माणसाच्या अस्थिमज्जेवाचून त्यांस तरणोपाय नसतो. ती कोणत्याही कारखान्यात बनत नाही, निरोगी माणसानेच ती द्यावी लागते. म्हणूनच हा विषय आम्ही ह्या पानावर घेत आहोत.

अस्थिमज्जा म्हणजे हाडांतला मगज. रक्ताची पेरणी तेथे होते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका ह्या तिघींची बीजे म्हणजे मूलपेशी. ल्युकेमियात कच्च्या पांढऱ्या पेशी तणासारख्या माजतात व बाकीचे पीक दाबून टाकतात. म्हणून रोगी फिका पडतो, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता अंगावर निळे डाग उठतात. अशी लक्षणे दिसली तर 'सुगी उरकू द्या, मग पाहू' असे कृपा करून म्हणू नका. साध्या रक्ततपासणीने पहिला सुगावा लागतो.

ह्या रोगावर दुसऱ्याच्या मज्जेचा उपाय चालेल काय, हे शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत फ्रान्सचे डॉ. जॉर्ज माते (१९२२-२०१०) हे एक प्रमुख नाव. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी युगोस्लाव्हियात बेलग्रेडजवळील विंचा येथे अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा जणांच्या शरीरात किरणोत्सर्ग भिनला. त्यांस पॅरिसला आणण्यात आले. त्यांपैकी पाच जणांची मज्जा इतकी करपली होती की मरण समोर दिसत होते. डॉ. माते व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच स्वयंसेवकांची मज्जा काढून ह्या पाच जणांस दिली. चौघे वाचले, एक दगावला. ती मज्जा त्यांच्या अंगी कायमची रुजली नाही. काही काळाने त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा उभी राहिली, आणि दानाचा वाटा त्यात किती होता ह्यावर वैद्यकशास्त्रात पुढेही वाद होत राहिला. आमच्या दृष्टीने येथे ध्यानात घेण्याची गोष्ट निराळी आहे. देणारे व घेणारे एकमेकांचे कोणी लागत नव्हते. देश वेगळे, भाषा वेगळी, राज्यपद्धतीही वेगळी. त्या काळी हा उपाय पुरता पारखलेला नव्हता, तरी माणसे पुढे आली. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. तो ह्या रुग्णालयात घडून आला.

पुढे १९६३ साली डॉ. मात्यांनी ल्युकेमियाच्या एका तरुण रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. तो स्वतः डॉक्टर होता. त्यास घरातील अनेक नातेवाइकांची मज्जा देण्यात आली व त्यांपैकी एकाची रुजली. तो दीड वर्षाहून अधिक काळ जगला, आणि त्या अवधीत ल्युकेमिया परतला नव्हता. मात्र नव्या मज्जेनेच त्याच्या शरीरास परके मानून त्रास दिला. डॉ. मात्यांनी ह्यातून दोन गोष्टी जगापुढे मांडल्या. बाहेरून आलेल्या पेशी रोग्याच्या शरीरावर उलटू शकतात, ही एक. त्याच पेशी उरलेल्या कर्करोगावरही तुटून पडतात, ही दुसरी. आजच्या उपचाराचा पाया ह्या दोन गोष्टींवर आहे.

उलटण्याचा धोका कमी कसा करावा? कलम बांधणाऱ्यास हे लवकर उमजेल. आंब्याच्या खुंटावर आंब्याची काडी धरते, फणसाची धरत नाही. माणसाच्या बाबतीत ही जुळणी पेशींवरील खुणांवरून ठरते. पांढऱ्या पेशींवरील त्या खुणांपैकी पहिली पॅरिसच्याच डॉ. जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये दाखवून दिली, व त्या कामाबद्दल १९८० साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी जुळणाऱ्या भावंडांची मज्जा देऊन हा उपचार पक्का केला. त्यांस १९९० साली तो मान मिळाला. आपल्या देशात मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये पहिले मज्जारोपण झाले, व वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९८६ पासून हे काम चालू आहे.

ह्या खुणा आईकडून अर्ध्या व वडिलांकडून अर्ध्या येतात. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याचा संभव चारात एक इतकाच. पूर्वी घरात सहा-सात भावंडे असत, आज दोन असतात. हल्ली अर्धी जुळणारी मज्जा, म्हणजे आईची किंवा वडिलांची देखील, वापरता येऊ लागली आहे व त्याने पुष्कळांची सोय झाली आहे. तरी ती प्रत्येकास चालतेच असे नाही. मग परका दाता शोधावा लागतो. त्यासाठी नोंदवह्या आहेत. इंग्लंडमध्ये १९७४ साली एका आईने आपल्या आजारी मुलासाठी, अँथनी नोलनसाठी, अशी नोंदवही सुरू करविली. मुलगा १९७९ साली वारला, नोंदवही मात्र आजही इतरांचे प्राण वाचवीत आहे. आज जगभर चार कोटींहून अधिक लोकांची नावे अशा नोंदवह्यांत आहेत. त्यांत युरोपीय वंशाचे लोक फार. भारतातील नावे काही लाखांपुरतीच आहेत. जुळणी बहुधा आपल्याच लोकांत सापडते, कारण पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक आपण आपल्यातच करीत आलो. तेव्हा बेळगाव-खानापूरकडच्या मुलासाठी जुळणारा दाता लंडनपेक्षा शेजारच्या गावात मिळण्याचा संभव अधिक. शेजारच्या गावाने नाव दिलेले असले तर!

परंतु आम्ही आज नोंदणीची नुसती जाहिरात करण्यास बसलेलो नाही. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. नाव देणे सोपे असते. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने लाळ घेतात, कागदावर सही होते, आणि शिबिरात टाळ्या पडतात. खरा प्रसंग पुढे येतो, कधी दोन तर कधी दहा वर्षांनी. एके दिवशी निरोप येतो की तुमच्याशी जुळणारा रुग्ण सापडला आहे. अशा वेळी अनेक दाते मागे फिरतात, व पुष्कळदा त्यांस घरचेच मागे ओढतात. आई म्हणते, पोराचे हाड काढतील. आजोबा म्हणतात, पुन्हा नांगर धरवणार नाही. मुलगी असली तर तिच्या लग्नाची काळजी पुढे येते.

ह्या भीतीत तथ्य किती ते सांगतो. हाड कोणीही काढीत नाही. आजकाल बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवितात, मग एका हातातून रक्त घेऊन यंत्रातून त्या वेगळ्या करतात व उरलेले रक्त दुसऱ्या हातात परत देतात. त्यास काही तास लागतात. त्या दिवसांत अंग व हाडे दुखतात, डोके दुखते, कसकस वाटते, आणि ते थोड्या दिवसांत थांबते. कधी कमरेच्या मागील हाडातून सुईने मज्जा घेतात. तेव्हा भूल देतात व काही दिवस कंबर दुखते. घेतलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. धोका मुळीच नाही असे म्हणणे खरे होणार नाही, म्हणून आधी दात्याची पूर्ण तपासणी होते. लग्न, मूलबाळ, शेतीकाम ह्यांच्या आड हे दान येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. दाता 'हो' म्हणाला व तारीख ठरली, की रुग्णास तीव्र औषधे देऊन त्याची स्वतःची मज्जा मारून टाकतात. जुने शेत नांगरून मोकळे केले, आता बियाण्याची वाट. त्या क्षणी दाता फिरला तर रुग्णापाशी जुनी मज्जा नाही व नवीही नाही. नकार देण्याचा हक्क दात्यास शेवटपर्यंत असतो, तो कोणी हिरावू नये. पण तो हक्क बजावायचा तर आरंभीच बजावावा. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की धर्मग्रामाच्या सणाला पाचशे नावे गोळा करण्यापेक्षा पन्नास पक्की नावे बरी. आधी घरी बोला, वडीलधाऱ्यांस समजावून सांगा, मग सही करा. आणि वडीलधाऱ्यांनो, अठरा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलीने विचारपूर्वक दिलेला शब्द मोडावयास लावू नका. 'होय' ते होय आणि 'नाही' ते नाही असावे, अशी आपल्या प्रभूची शिकवण आहे.

काही जण विचारतात, मूलपेशींना चर्चचा विरोध आहे ना? विरोध आहे तो गर्भातील जीव नष्ट करून पेशी मिळविण्यास. प्रौढ माणसाने स्वखुशीने दिलेल्या मज्जेस नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट २००० मध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत अवयवदानास प्रेमाचे कृत्य म्हटले. त्यात पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती हवी व पैशाचा व्यवहार नसावा, हेही त्यांनी बजावले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बोलावणे नेमके भातलावणीत किंवा ऊसतोडीत आले तर दात्याची अडचण खरी असते. आपल्याकडे पैऱ्याची रीत आहे. एकाच्या शेतात आज सारे, उद्या दुसऱ्याच्या. दात्याचे चार-आठ दिवसांचे काम शेजाऱ्यांनी पैऱ्याने उरकावे. त्याच्या घरी दूध काढावयास, गुरांना वैरण घालावयास कोणीतरी जावे. दाता एकटा असतो, तरी त्याचा शब्द पाळण्यास अख्खा धर्मग्राम हातभार लावू शकतो. ज्यास मज्जा देता येत नाही, वयाने वा आजाराने, त्यास एवढे निश्चित देता येईल.